हँग होणारा जुना डेस्कटॉप: नम लॉकच्या दिव्यापासून एसएमपीएसपर्यंत

मशीन २०१२ सालचं. इंटेल कोअर आय३-२१२०, एच६१ चिपसेटचा बोर्ड, २ जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क, लेबलवर ४५० वॅट छापलेला एसएमपीएस, म्हणजे भिंतीतल्या विजेपासून मशीनला वीज पुरवणारा डबा, आणि विंडोज १०. कोकणात खाडीलगतच्या एका दुकानात ते रोज दहा-बारा तास चालतं. हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर आणि पॅरलल पोर्टला जोडलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर एवढंच त्याचं काम. त्या पोर्टमुळेच मशीन बदलायचं नव्हतं. तक्रार एका शब्दाची: हँग होतं. आधी दोनदा फॉरमॅट मारून झालं होतं, एकदा अँटीव्हायरस बदलून झाला होता. फरक शून्य.

‘हँग होतं’ म्हणजे ‘पोटात दुखतं’ म्हणण्यासारखं आहे. त्याखाली अगदी वेगवेगळे आजार असतात, म्हणून कॅबिनेट उघडण्याआधी आम्ही आठ दिवस नुसती नोंद ठेवली. साधी शाळेची वही. हँग झालं की वेळ लिहायची, मशीन सुरू करून किती वेळ झाला ते लिहायचं, काय काम चालू होतं ते लिहायचं आणि मग तीन गोष्टी पाहायच्या: माउसचा बाण हलतो का, कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा दिवा जळतो का, आणि कीबोर्डवर नम लॉक दाबल्यावर त्याचा दिवा बदलतो का.

नम लॉकची ही तपासणी फुकटची आहे, पण फार मोलाची. तो दिवा कीबोर्ड स्वतः लावत नाही. कळ दाबल्याचा निरोप ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो आणि तिने हुकूम दिला की मगच दिवा बदलतो. पाच-दहा सेकंदांनी का होईना, दिवा बदलला तर विंडोजचा गाभा जिवंत आहे आणि तो कशाची तरी वाट पाहतोय. बदललाच नाही तर प्रोसेसरच अडकलाय. पडदा काळा झाला पण दिवा बदलतोय, असं असेल तर कंट्रोल, शिफ्ट, विंडोज आणि बी या कळा एकदम दाबून पाहाव्यात. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. चित्र परत आलं तर दोष त्या ड्रायव्हरकडे. आमच्याकडे तसं झालं नाही.

आठ दिवसांत २३ नोंदी झाल्या आणि त्यांचे सरळ दोन ढीग पडले. १७ वेळा बाण हलत होता, डिस्कचा दिवा न मिटता जळत होता, नम लॉक उशिरा का होईना बदलत होता आणि २० ते ४० सेकंदांनी मशीन आपोआप चालू लागत होतं. उरलेल्या ६ वेळा सगळं एका क्षणी दगड झालं. बाण जागच्या जागी, डिस्कचा दिवा विझलेला, नम लॉक मेलेला. पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरल्याशिवाय सुटका नाही.

विंडोज स्वतःच्या घडामोडी जिथे नोंदवतं त्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्जखालच्या सिस्टिम या भागात वहीतल्या वेळा ताडून पाहिल्या. पहिल्या प्रकारच्या जवळजवळ प्रत्येक वेळेला तिथे ‘डिस्क’ या स्रोताच्या नोंदी होत्या: ७ क्रमांकाची, म्हणजे खराब ब्लॉक, १५३ क्रमांकाची, म्हणजे वाचन पुन्हा करावं लागलं, आणि मधूनमधून स्टोरेज ड्रायव्हरची १२९, म्हणजे डिस्क उत्तर देईना म्हणून तिला रीसेट केलं. दुसऱ्या प्रकाराआधी काहीच नोंद नव्हती. पुढच्या वेळी सुरू होतानाची कर्नल-पॉवर ४१ फक्त होती. ती ४१ पाहून बरेच जण पॉवर सप्लाय गेला असं ठरवतात. तसा तिचा अर्थ नाही. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच ती सांगते. बटण दाबून बंद केलं तरी ती येतेच.

पहिल्या ढिगाचा सुगावा लागला होता. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम लावून डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, पाहिली. यात चार ओळी महत्त्वाच्या: ०५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर (डिस्कवरचे मजकुराचे छोटे तुकडे), सी५ म्हणजे वाचता न आल्याने निकालाची वाट पाहणारे सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे आणि सी७ म्हणजे केबलवरच्या चुका. या प्रोग्रॅममध्ये उजवीकडचे आकडे मुळात सोळाच्या पायावर, म्हणजे हेक्समध्ये असतात. सी५ समोर १८ दिसत होतं, ते खरं २४. सी७ शून्य होतं, म्हणून डिस्क बोर्डला जोडणारी साटा केबल बदलण्यात अर्थ नव्हता. सी७ वाढत असता तर आधी केबलच बदलली असती.

असे २४ सेक्टर एवढ्या मोठ्या डिस्कमध्ये किस झाड की पत्ती, असं वाटू शकतं. पण घरगुती वापराची डिस्क न वाचता येणारा सेक्टर सहज सोडत नाही. ती तेच ठिकाण पुन्हा पुन्हा वाचत बसते, आणि तोवर रांगेतल्या बाकी सगळ्या मागण्या खोळंबतात. त्यात रॅम ४ जीबी, तीतली ३.१ जीबी रिकाम्या मशीनवरच भरलेली. म्हणजे रॅममध्ये न मावणारा मजकूर जिथे ठेवतात त्या पेजफाइलला विंडोज सारखं हात घालणार, आणि ती फाइल त्याच आजारी डिस्कवर. म्हणून नुसतं बिल उघडलं तरी अर्धा मिनिट सगळं ठप्प.

या टप्प्यावर नेहमी होणारी चूक म्हणजे चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम लावणं, त्यातही खराब सेक्टर शोधणारा आर पर्याय देऊन. तो अख्खी डिस्क वाचतो, मरणाऱ्या डिस्कला तासन्‌तास रगडतो आणि वर फाइलींच्या रचनेत बदलही करतो. आधी कॉपी, मग काय ते बाकीचं. आणि कॉपी त्या मशीनवर करायची नाही, कारण दगड होण्याचा दुसरा आजार अजून सापडलेला नाही. डिस्क काढून दुसऱ्या धडधाकट मशीनला थेट साटाने जोडली, शेजारी १ टीबीची चांगली डिस्क लावली आणि लिनक्समधून डीडीरेस्क्यू हा आजारी डिस्कची कॉपी काढणारा प्रोग्रॅम चालवला. पहिल्या फेरीत एन पर्याय द्यायचा, म्हणजे अडलेले भाग खरवडत न बसता ते पुढे जातं आणि धड असलेला सगळा मजकूर आधी पदरात पडतो. दुसऱ्या फेरीत आर ३, म्हणजे अडलेल्या जागी आणखी तीन प्रयत्न. कुठला भाग झाला आणि कुठला राहिला याची नोंद ठेवणारी मॅपफाइल दोन्ही वेळा तीच द्यायची. मग मध्ये वीज गेली तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. कुठून कुठे कॉपी होतेय ते डिस्कचा सिरियल नंबर पाहून खात्री करावी. दोन नावं उलटी पडली तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते.

धड भाग दीड तासात झाला. यूएसबी २.० च्या बॉक्समधून केलं असतं तर सेकंदाला ३०-३५ एमबीच्या वेगाने चार तास गेले असते. अडलेल्या जागांनी मात्र आणखी तीन तास खाल्ले. शेवटी ४० सेक्टर, म्हणजे २० केबी, हाती लागले नाहीत. चेकडिस्क लावलं ते या कॉपीवर. हिशेबाचा डेटा सुखरूप होता.

नव्या २४० जीबीच्या एसएसडीवर विंडोज नव्याने टाकलं. जुनीची हुबेहूब प्रत उतरवली नाही, कारण खराब सेक्टरांत अडकलेल्या सिस्टिमच्या फाइली तशाच मोडक्या पुढे आल्या असत्या. एच६१ वर साटाचा वेग सेकंदाला ३ गिगाबिटपर्यंतच, त्यामुळे एसएसडी सलग वाचताना २५०-२८० एमबीपुढे जात नाही. त्याने बिघडत नाही. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी ४ पेक्षा जास्त, वर हेड सरकायला आठ-नऊ. अशी ती सेकंदाला जेमतेम ८० फुटकळ वाचनं करते. एसएसडीला एका वाचनाला मिलिसेकंदाचा दहावा भागही लागत नाही. जुन्या मशीनला जो फरक जाणवतो तो इथला.

एक अडथळा मध्येच आला. बोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी मोजली तर २.६ व्होल्ट, नवी ३ व्होल्टच्या थोडी वर असते. ती बदलली तेव्हा बायोसची, म्हणजे बोर्डवरच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमची, सगळी मांडणी मूळपदावर गेली आणि साटाचा मोड, म्हणजे बोर्डाने डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआयवरून आयडीईवर आला. विंडोज एका मोडमध्ये टाकलेलं असताना दुसरा मोड आला की निळा पडदा येतो आणि मशीन चढत नाही. अशा वेळी फॉरमॅट मारायची गरज नसते, मोड परत फिरवला की झालं. बॅटरी काढण्याआधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत.

एसएसडीनंतर पहिला ढीग संपला. दगड होणं चालू राहिलं.

आता कॅबिनेट साफ केलं. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीची गादी बसली होती, खाऱ्या दमट हवेने तिचा थर चामड्यासारखा झालेला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. वाऱ्याने तो सुसाट फिरला तर बेअरिंग जातं, शिवाय फिरणारी मोटर उलटी वीज बोर्डाकडे ढकलते. कूलर काढला तर प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट खडूसारखी सुकलेली. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसल्या, मधोमध तांदळाच्या दोन दाण्यांएवढी पेस्ट ठेवली आणि कूलर बसवला. इंटेलच्या या कूलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात. त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत जोडीने दाबायच्या, प्रत्येकीचा टक असा आवाज आला पाहिजे, आणि बोर्डाच्या मागून चारही टोकं पूर्ण बाहेर आलेली डोळ्यांनी पाहायची. एक पिन अर्धवट राहिली की पेस्ट कितीही भारी असली तरी उपयोग नाही. मशीन रिकामं असताना ५९ अंश होतं ते ३८ वर आलं, पूर्ण भारावर ९१ होतं ते ६३ वर.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. प्रोसेसर तापल्याने मशीन शक्यतो हँग होत नाही. मर्यादा गाठली की तो आधी आपला वेग कमी करतो, त्यानेही भागलं नाही तर मशीन थेट बंद पडतं. म्हणून तापमान उतरल्यावर आजार गेला असं धरून चालणं बरोबर नव्हतं.

त्याच दिवशी रॅमही काढून साफ केल्या. खोडरबर हलक्या हाताने, एकाच दिशेने, दोन-तीनदा, आणि नंतर अल्कोहोलचा बोळा, म्हणजे रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडत नाही. जोरात घासलं तर सोन्याचा मुलामा निघतो आणि समुद्राजवळच्या हवेत खालचा धातू लगेच गंजतो. यानंतर मशीन चार दिवस बिनतक्रार चाललं. पाचव्या दिवशी दुपारी पुन्हा दगड. एकाच दिवशी धूळ, पेस्ट आणि रॅम या तिन्हींना हात लावला होता, त्यामुळे त्या चार दिवसांचं श्रेय कशाला द्यायचं तेच कळेना. तिथून पुढे एका वेळी एकच बदल, हा नियम आम्ही मोडला नाही.

एसएसडीची केबल काढली आणि लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवलं. जुन्या मशीनच्या तपासणीत याच्यासारखी दुसरी पायरी नाही. डिस्क जोडलेलीच नाही, विंडोज नाही, त्याचे ड्रायव्हर नाहीत. या अवस्थेतही हँग झालं तर दोष बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस या चौघांतच. प्रोसेसरला दोन कोअर, चार थ्रेड. प्रोसेसरला पूर्ण राबवणारा स्ट्रेस हा प्रोग्रॅम चारही थ्रेडवर लावून ठेवला. पहिल्यांदा २ तास ४० मिनिटांनी दगड झालं, नंतर १ तास १० मिनिटांनी, मग ३ तास ५ मिनिटांनी. विंडोज निर्दोष. दोन फॉरमॅट उगाच मारले गेले होते.

रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवलं. सहा फेऱ्या झाल्या, चूक एकही नाही. एक जरी चूक आली असती तरी रॅम एकेक करून दोन्ही स्लॉटमध्ये फिरवून पाहावी लागली असती: चूक रॅमबरोबर फिरली तर रॅम खराब, जागेवरच राहिली तर स्लॉट. मात्र मेमटेस्ट पास झाला म्हणजे मशीन निर्दोष, असं नाही. त्यात प्रोसेसर पुरता राबत नाही, म्हणून वीजपुरवठ्याची परीक्षा होत नाही.

ती मल्टिमीटरने घेतली. मशीन चालू ठेवून, एसएमपीएसच्या रिकाम्या चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरमध्ये मीटरचं काळं टोक काळ्या वायरला, लाल टोक पिवळीला. दोन्ही टोकं एकमेकांना किंवा शेजारच्या लाल वायरला टेकता कामा नयेत. पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ ची, नारिंगी ३.३ ची, आणि ५ टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे १२ च्या वायरवर ११.४ ते १२.६. रिकाम्या मशीनवर ११.७१ आले. स्ट्रेस लावताच ११.३४. मर्यादेच्या खाली. ५ आणि ३.३ व्यवस्थित होते. हिरवी वायर काळीला जोडून एसएमपीएसचा पंखा फिरतो का हे पाहण्याची जी पद्धत आहे, तिच्यात हे कधीच सापडलं नसतं, कारण तिथे भारच नसतो.

मल्टिमीटरला फक्त सरासरी दिसते. १२ व्होल्टवर स्वार झालेली बारीक थरथर ऑसिलोस्कोपशिवाय दिसत नाही. फिल्टरचे कपॅसिटर सुकले की ती वाढते. बोर्ड याच १२ व्होल्टमधून प्रोसेसरचा एक व्होल्टच्या आसपासचा पुरवठा बनवतो. तो क्षणभर डगमगला की हिशेब चुकतो आणि प्रोसेसर अडकतो. पुरवठा ठीक आहे असं बोर्डाला सांगणारा एसएमपीएसचा ‘पॉवर गुड’ इशारा मात्र कायम राहतो, कारण एवढ्या घसरणीने तो उतरत नाही. म्हणून मशीन रीस्टार्ट न होता गोठतं. एसएमपीएसच्या जाळीतून टॉर्च मारल्यावर आतल्या दोन कपॅसिटरांची डोकी फुगलेली दिसली. एसएमपीएस उघडून पाहू नये. २३० व्होल्टच्या बाजूच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंत डीसी साठतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो.

नवा घेताना लेबलवरचे वॅट न वाचता १२ व्होल्टसमोरचे अँपिअर वाचावेत. जुन्यावर ४५० वॅट छापलेलं, पण १२ व्होल्टला १२ अँपिअर, म्हणजे १४४ वॅट. हा प्रोसेसर कमाल ६५ वॅटचा, डिस्क सुरू होताना दोन अँपिअरपर्यंत ओढते, बाकी बोर्ड आणि पंखे. नवा असताना तेवढं त्याला पुरत होतं, म्हातारपणी नाही. आम्ही १२ व्होल्टला २५ अँपिअरचा घेतला. बसवताना २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरबरोबर प्रोसेसरजवळचा चार पिनांचा पिवळ्या-काळ्या वायरांचा छोटा कनेक्टर विसरायचा नाही. तो राहिला की पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, आणि बोर्ड गेला असं वाटून धसका बसतो.

नव्यावर, बाकी काहीही न बदलता, तोच पेनड्राइव्ह आणि तोच स्ट्रेस. १२ ची वायर भारावर ११.९८. किती वेळ चाललं म्हणजे बरं झालं म्हणायचं? आधीचं सगळ्यांत लांब अंतर तीन तास पाच मिनिटांचं, त्याच्या निदान तिप्पट तरी हवं. आम्ही ४० तास चालवलं. मग जुना एसएमपीएस परत जोडला: १ तास ५० मिनिटांनी दगड. ही उलट तपासणी टाळू नये. रॅम साफ केल्यानंतरच्या चार शांत दिवसांसारखा दिलासा तिच्याशिवाय खरा वाटतो. डिस्क जोडलेली नसल्याने त्यात कुठलाही डेटा पणाला लागत नाही.

जाता जाता अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार कोकणात पावसाळ्यात हटकून येते. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून थोडीशी वीज पत्र्यावर येते, अर्थिंग असेल तर ती तिथून जमिनीत जाते. नसेल तर पत्रा ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. यूएसबी आणि प्रिंटरच्या पोर्टांना ते घातक असतं, डॉट मॅट्रिक्सची केबल चालू मशीनवर लावताना तर जास्तच. दुकानातल्या एक्स्टेंशन बोर्डाला तिसरी वायर आतून जोडलेलीच नव्हती. ती वायरमनकडून जोडून घेतली.

रॅम वाढवली नाही. एसएसडीवर पेजफाइल असल्याने हिशेबाच्या कामाला ४ जीबी पुरतात. ब्राउझर वापरायचा असता तर ४ जीबीच्या दोन घ्यायला सांगितलं असतं. विंडोज १० ची नेहमीची मदत, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि दुसऱ्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. सॉफ्टवेअर विंडोजचंच लागतं, म्हणून या मशीनची इंटरनेटची वायर काढून टाकली. रोज रात्री डेटाचा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरतो, तोही आलटून पालटून दोन पेनड्राइव्हवर.

वहीत पुढचे तीन आठवडे कोरे आहेत. जुनी डिस्क, सी५ चा आकडा आता ४० असलेली, तारखेची चिठ्ठी चिकटवून कपाटात आहे. वर्षअखेरचा ताळेबंद नव्या एसएसडीवरच्या डेटाशी जुळेपर्यंत ती टाकायची नाही.